अर्धा शेर तांदूळ आणि भांडेरची न्याहारी

मोठ हे गाव मराठी वाचकाला ठाऊक असण्याचे तसे काही कारण नाही. झाशीहून कानपूरकडे निघालेली पॅसेंजर पन्नासेक किलोमीटरवर इथे थांबते, आणि पुढे उरई, काल्पी अशी जाते. गावात एक पडका किल्ला आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर इंद्रगीर गोसाव्याने इथे ठाणे मांडले होते, आणि झाशीचा मराठी सुभेदार नारो शंकर याने त्याला इथून हुसकावले. म्हणजे मराठी माणूस या गावात पहिल्यांदा आला तो दुसऱ्याला बाहेर काढायला. आम्ही आलो ते बाबांच्या कालव्याच्या नोकरीमुळे, आणि बाबांच्या मागोमाग आई आली ती वाईहून, लग्न होऊन, एक पत्र्याची ट्रंक आणि पुरणयंत्र घेऊन.

शाळेच्या भिंतीवर एक चित्र होते, उत्तरेतल्या कुठल्याही शाळेत असते तसे. उधळलेला घोडा, उगारलेली तलवार, आणि पाठीला शेल्याने बांधलेले तान्हे मूल. एकदा बक्षीस समारंभाला आई आली होती तेव्हा तिने ते चित्र बराच वेळ न्याहाळले आणि घरी येताना म्हणाली, "अरे, ते मूल दत्तक घेतलं तेव्हाच पाच वर्षांचं होतं ना? मग एवढंसं कसं?" मी तेव्हा सातवीत होतो. मला प्रश्नच कळला नाही. आईला कळला होता, कारण त्याच पावसाळ्यात तिने माझ्या नऊ वर्षांच्या तापलेल्या भावाला पाठुंगळी घेऊन चिखलातून डॉक्टरांपर्यंत नेले होते आणि दोन दिवस तिची कंबर धरली होती.

हिशेब सोपा आहे. गंगाधरराव नेवाळकरांनी २० नोव्हेंबर १८५३ रोजी वासुदेवराव नेवाळकरांचा मुलगा आनंदराव दत्तक घेतला, त्याचे नाव दामोदर ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी ते वारले. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. ४ एप्रिल १८५८ च्या रात्री बाई किल्ल्याबाहेर पडल्या तेव्हा तो नऊ-दहा वर्षांचा होता. चित्रकाराने आणि शिल्पकाराने त्याला तान्हे केले. हे अज्ञानाने झाले असे मला वाटत नाही. तान्हे मूल बोलत नाही, भूक लागली म्हणून हट्ट धरत नाही, आणि मोठे झाल्यावर स्वतःची हकीकत सांगत नाही. वीरांगनेच्या पाठीवर तेच शोभते.

हा लेख लक्ष्मीबाईंच्या पराक्रमाविषयी नाही. त्याविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. मला त्यांच्यावरची चार-पाच पुस्तके एका वेगळ्या प्रश्नाने वाचायची आहेत. मुलुख सोडून आलेल्या आईचे आयुष्य म्हणून ही पुस्तके वाचली तर त्यांत काय सापडते, आणि कोणत्या पुस्तकाने ते आयुष्य कुठे दडवले?

मुलुख सोडून आलेली, हे आधी स्पष्ट करतो, कारण महाराष्ट्रात बसून हे लक्षात येत नाही. नेवाळकर मूळचे रत्नागिरीकडचे. रघुनाथ हरी झाशीचे सुभेदार झाल्यापासून ते बुंदेलखंडात. बाईंचे वडील मोरोपंत तांबे चिमाजी अप्पांच्या आश्रयाला काशीला होते; मनकर्णिका जन्मली ती काशीत. तिची आई भागीरथीबाई लवकर गेली. मग मोरोपंत मुलीला घेऊन ब्रह्मावर्ताला, दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी. आणि १८४२ साली लग्न होऊन झाशीला. म्हणजे जिला आपण मराठी अस्मितेचे प्रतीक करून ठेवले तिने आयुष्यात केलेला प्रत्येक मुक्काम महाराष्ट्राबाहेरचा होता, आणि मराठीपण शिकवायला आईही नव्हती. इकडे अशा लोकांना 'दक्खिनी' म्हणत. मोठच्या बाजारात आमच्या आईला म्हातारे दुकानदार अजून तेच म्हणायचे, आणि तिला ते आवडायचे की टोचायचे हे मला कधी कळले नाही.

आता पुस्तके. पहिले अर्थात विष्णुभट गोडशांचे 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक घरावरचे कर्ज फेडायला, दक्षिणा मिळवायला १८५७ साली उत्तरेत निघतो आणि नेमका बंडात सापडतो. झाशीचा वेढा तो शहराच्या आतून पाहतो. परत आल्यावर पंचवीसेक वर्षांनी तो हे लिहून काढतो, आणि चिंतामणराव वैद्य १९०७ मध्ये ते छापतात, तेही बराच हात फिरवून. मूळ बखर दत्तो वामन पोतदारांमुळे १९६६ साली पुढे आली. मराठीत प्रवासवर्णन, आत्मचरित्र आणि इतिहास यांची सीमारेषा ज्यांना काढायची असते त्यांची या पुस्तकापाशी फजिती होते, आणि ती व्हावी.

माझा मुद्दा त्यातल्या एकाच प्रसंगापुरता आहे, जो सगळ्यांना पाठ आहे. काल्पीच्या वाटेवर भटजी विहिरीवर पाणी काढत असतात. पठाणी वेषातल्या, धुळीने माखलेल्या बाई तिथे येतात, पाणी मागतात आणि ओंजळीने पितात. आणि मग आपल्याविषयी थोडे बोलतात: आपण अर्धा शेर तांदळाची धनीण, आपल्याला विधवाधर्म सोडून हा उद्योग करण्याचे काय कारण होते, पण धर्माच्या अभिमानाने हे अंगावर घेतले, अशा आशयाचे. मराठीतल्या अत्यंत साध्या आणि अत्यंत जड अशा पानांत हे पान मोडते. अमृतलाल नागरांनी 'आँखों देखा गदर' या नावाने हे पुस्तक हिंदीत नेले, मृणाल पांडे यांनी २०११ मध्ये इंग्रजीत. विहिरीचा प्रसंग दोन्हीकडे तितकाच अंगावर येतो. भाषांतरात न मरणारे पान आहे ते.

काही वर्षांपूर्वी, आईची दृष्टी अधू झाल्यावर, मी तिला हे पुस्तक वाचून दाखवत होतो. या पानावर ती थांबवून म्हणाली, "आणि मूल कुठे होतं तेव्हा?"

मी हे पान निदान दहा वेळा वाचले असेल, त्यावर बोललो असेन. हा प्रश्न मला सुचला नव्हता. पुन्हा वाचल्यावर जाणवले की अर्धा शेर तांदूळ हे माप एकट्या विधवेचे आहे. त्यात मुलाचा भात धरलेला नाही. हे गोडशांनी मुद्दाम केले असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. कदाचित बाईच तशा बोलल्या असतील. पण भिक्षुकाच्या कानाला कुठला शब्द नेमका ऐकू येतो, याला अर्थ आहे. विधवेचा शिधा हा त्याच्या व्यवसायातला हिशेब आहे. केशवपन, प्रायश्चित्त, दानधर्म, पूजेची वेळ या बाबतीत गोडसे तपशिलाने लिहितात, कारण त्यांना बाई दिसतात त्या धर्माच्या घडीत: सौभाग्यवती होती, आता गतभर्तृका आहे. दत्तक पुत्राची आई ही जागा त्या घडीत आहे, पण ती गादीच्या संदर्भात. मुलाला खाऊ घालणारी, त्याच्या मुंजीची काळजी करणारी बाई त्यांच्या नजरेच्या कडेला राहते. गंमत अशी की गोडशांच्या स्वतःच्या प्रवासाचा शेवट मात्र घरी, आई-वडिलांना गंगेच्या पाण्याने स्नान घालण्यात होतो. परदेशी गेलेल्या मुलाला वाट पाहणारी आई असते. परदेशात असलेल्या आईला काय असते, हे त्या पुस्तकाने विचारलेले नाही.

मुंजीचा उल्लेख केला तो दत्तात्रय बळवंत पारसनीसांमुळे. त्यांचे झाशीच्या राणीचे चरित्र १८९४ चे, गोडशांच्या आधी छापले गेलेले. ते आज कुणी आवडीने वाचत नाही. भाषा दरबारी, आणि सरकारचा रोष होऊ नये म्हणून घेतलेली काळजी पानापानावर दिसते. बाई मुळात निरपराध होत्या, त्यांना बंडात ढकलले गेले, असा एकूण रोख. पुढच्या पिढीला, सावरकरांच्या पुस्तकाने पेटलेल्या पिढीला, हे मिळमिळीत वाटणे साहजिक होते. मला मात्र आईपणाच्या दृष्टीने पारसनीसांचेच पुस्तक सर्वांत समृद्ध वाटते, आणि त्याचे कारण त्यांची बचावाची भूमिका हेच आहे. बचाव करायचा तर कागद लागतात. आणि कागदांत संसार येतो.

त्यातला मुंजीचा व्यवहार पाहा. डलहौसीने १८५४ मध्ये झाशी खालसा केली तेव्हा दत्तक राज्यापुरता नामंजूर झाला, पण गंगाधररावांच्या खाजगी मालमत्तेपुरता मुलाचा हक्क मानला गेला. म्हणून सहा लाख रुपये दामोदराच्या नावाने सरकारात ठेव म्हणून राहिले, तो सज्ञान होईपर्यंत. मुलगा मुंजीच्या वयाचा झाला. बाईंनी त्यातून एक लाख मागितले. सरकारने सांगितले, उद्या मुलगा मोठा होऊन या रकमेची मागणी करील, तेव्हा चार जामीन द्या. बाईंनी झाशीतले चार सावकार जामीन दिले आणि मुंज झाली.

या प्रसंगाला चरित्रकार अपमानाच्या यादीत टाकतात: संस्थान घेतले, गोवधबंदी उठवली, मुंजीला पैसे देताना जामीन मागितले. म्हणजे तो पुढच्या युद्धाचे एक कारण होतो. मला तो स्वतंत्रपणे वाचावासा वाटतो. कायद्याने मुलाला आईपासून हिशेबाच्या वहीत वेगळे केले होते. त्याच्या पैशाला ती परकी होती, आणि ती त्याच्या हिताची आहे याची हमी बाजारातल्या चार पुरुषांनी द्यायची होती. तरी तिने मुंज केली, आणि थाटात केली. गाव आपले नसेल तर हा थाट जास्तच करावा लागतो. आमच्या घरी, जिथे आसपास एकही मराठी घर नव्हते, माझ्या मुंजीला आईने झाशीहून भटजी, ग्वाल्हेरहून मावशी आणि उरईहून एक केवळ आडनावाने मराठी असलेले कुटुंब गोळा केले होते. कर्ज दोन वर्षे फिटले नाही. बाबा म्हणायचे, इथे कोण बघतंय? ती म्हणायची, म्हणूनच.

हिंदीत या गोष्टीचे भान वृंदावनलाल वर्मांना होते, हे नोंदवायला हवे. ते याच जिल्ह्यातले, मऊरानीपूरचे. त्यांच्या 'झाँसी की रानी' (१९४६) या कादंबरीत हळदीकुंकवाचा समारंभ येतो, त्याला ते 'हरदी कूँकूँ' म्हणतात, आणि त्यात झाशीच्या बायका येऊन उखाण्यासारखी नवऱ्याची नावे घेतात. बुंदेली कानाने ऐकलेला मराठी सण आहे तो; शब्द थोडा वाकलेला, पण मायेने वाकलेला. मराठी कादंबरी-नाटकात हळदीकुंकू हा पडद्यामागचा रंग असतो. वर्मांना ते परक्या घरातून आलेले, मुद्दाम मांडलेले, शेजारणींना बोलावून रुजवलेले असे दिसले. दहा वर्षांनी महाश्वेतादेवींनी बंगालीत 'झाँसीर रानी' लिहिले, ते त्यांचे पहिले पुस्तक. त्यासाठी त्या या भागात हिंडल्या, लोकांकडून गाणी-गोष्टी गोळा केल्या. या दोघांना झाशी हे गाव म्हणून दिसते. आपल्याकडे शिरवाडकरांच्या 'वीज म्हणाली धरतीला' पर्यंत झाशी ही बहुधा रंगमंचाची मागची भिंत असते. शिरवाडकरांची भाषा मला फार आवडते, तरीही हे म्हणतो.

आता भांडेर. ४ एप्रिलच्या रात्री बाई निघाल्या त्या भांडेरच्या दिशेने. भांडेर मोठच्या पश्चिमेला, आता मध्य प्रदेशात, दतिया जिल्ह्यात. लेफ्टनंट बोकर घोडेस्वारांसह त्यांच्या पाठलागावर होता. मॅलिसनच्या इतिहासात हे थोडक्यात आहे: एकवीस मैलांवर भांडेरला बोकरला एक तंबू दिसला, त्यात अर्धवट टाकलेली न्याहारी मांडलेली होती, पुढे करड्या घोड्यावर राणी दिसली, पण तिथे तो जखमी झाला आणि पाठलाग थांबला.

अर्धवट टाकलेली न्याहारी. इंग्रज इतिहासकाराला ती शिकाऱ्याला गरम राख दिसावी तशी दिसते: सावज जवळच आहे. आमच्याकडच्या सांगण्यात, बुंदेलीत आणि मराठीतही, हीच गोष्ट वेगळी होते. बाई भांडेरला थांबल्या त्या मुलाला कलेवा देण्यासाठी. रात्रभर घोड्यावर बसलेले पोर, त्याला भूक लागली होती. तपशील तोच. तंबू तोच, ताट तेच. एका भाषेत ते ताट राणीचे आहे, दुसऱ्या भाषेत मुलाचे. कोणते खरे हे ठरवायचे साधन माझ्याकडे नाही आणि मला त्याची घाईही नाही. पण या पूर्ण कथेत मूल नऊ वर्षांचे, भूक लागणारे, घोड्यावरून उतरून जेवणारे मूल म्हणून दिसते ते इथेच. पाठीवर बांधलेले मूल जेवायला कसे बसेल? न्याहारीची गोष्ट आणि शेल्याची गोष्ट एकत्र नांदत नाहीत; आणि लोकांनी मात्र दोन्ही जपल्या, एक पुतळ्यासाठी आणि एक घरी सांगण्यासाठी.

इथे एक आडवळण घेतो. आदल्या दिवशी, ३ एप्रिलला, झाशीच्या तटाला शिड्या लावून जे चढले त्यांत ८६ वी पलटण होती. तिचे नाव रॉयल काउंटी डाऊन, म्हणजे आयर्लंडमधल्या एका परगण्याचे. १८४५ ते १८५२ या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमध्ये दहा लाखांच्या आसपास माणसे मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. त्या देशातली भुकेली पोरे लाल डगला घालून इथवर आली, आणि त्यांच्या पिढीच्या बायका बोटीत बसून अमेरिकेला गेल्या. त्या आयांविषयी आता त्यांच्या पणत्या-खापरपणत्या लिहितात. बोटीची यादी, चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद, खानेसुमारीचा रकाना, एखादे पत्र, एवढ्यावर. त्या लेखनात भाबडेपणाही पुष्कळ असतो. पण त्यांचे प्रश्न मला हेवा वाटावा असे आहेत: ती चुलीवर काय शिजवत होती, मुलांशी कोणत्या भाषेत बोलत होती, किती मुले पुरली. आपल्याकडे काशी, ब्रह्मावर्त, झाशी, ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, तंजावर इथे गेलेल्या मराठी आयांविषयी हे प्रश्न विचारायला कागद नाहीत असे नाही. कागद सरदारांच्या दप्तरांत आहेत, आणि दप्तरे वाचणारे लढाया शोधत असतात.

लक्ष्मीबाईंच्या बाबतीत तर मुलाची साक्षच आहे. य. न. केळकरांच्या 'इतिहासाच्या सहली' (१९५९) मध्ये दामोदररावांच्या नावावरचे निवेदन छापलेले आहे. त्याच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांनी सावध शब्द वापरले आहेत, आणि ते योग्यच आहे. मी ते इतिहासाचा पुरावा म्हणून वापरत नाही. साहित्यातला एक आवाज म्हणून ऐकतो. १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरला आई पडली. त्यानंतर हा मुलगा आणि त्याच्याबरोबरची साठेक माणसे चंदेरीकडच्या रानात पावसाळा काढतात. गावे आसरा द्यायला घाबरतात. आजारपण, पांगापांग, झालरापाटण. जवळचे सगळे संपल्यावर आईचे सोन्याचे तोडे, बत्तीस तोळ्यांचे, तिची शेवटची खूण, विकावे लागतात. मग शरणागती, १८६० च्या मे महिन्यात इंदूर, आणि वर्षाला दहा हजार रुपयांचे पेन्शन.

या निवेदनात पराक्रम जवळजवळ नाही. भूक आहे, पाऊस आहे, कोणी किती पैसे घेतले याचा हिशेब आहे. आईचे गुणगान करायला मुलगा थांबत नाही. तोड्यांचे वजन मात्र त्याला आठवते. अभिजात चरित्राच्या अपेक्षेने वाचणाऱ्याला हे कोरडे वाटेल. मला वाटते, विहिरीकाठच्या अर्ध्या शेर तांदळाशेजारी ठेवून वाचले तर हे बत्तीस तोळे बोलू लागतात. तिने आपला शिधा सांगताना मुलाचा धरला नव्हता. पण मुलाने तो पुढे तिच्याच हातातल्या सोन्यावर खाल्ला.

आणखी एक कागद. झाशीच्या इंग्रजांच्या कत्तलीत बाईंचा हात नव्हता हे दाखवायला पारसनीस एक पत्र छापतात, आग्र्याहून २० ऑगस्ट १८८९ चे, मार्टिन नावाच्या इंग्रजाचे. तुमच्या आईवर फार अन्याय आणि क्रौर्य झाले, खरी हकीकत मला ठाऊक आहे, असा त्याचा भाव. इतिहासकार या पत्रावर भरपूर भांडले आहेत: मार्टिन विश्वासार्ह किती, त्याला कळले कुठून. पत्राचा मायना कुणाच्या नावाने आहे याकडे फारसे कुणी पाहिलेले मला दिसले नाही. ते दामोदररावांना आहे. चाळिशीतला, इंदुरात पेन्शनवर जगणारा, मालमत्तेसाठी अर्ज करत आलेला मुलगा. त्याच्या आईविषयी एका परक्याने त्याला लिहिलेले हे पत्र. लक्ष्मीबाईंच्या पहिल्या मराठी चरित्रातला सर्वांत वजनदार पुरावा असा मुलाच्या टपालातून आलेला आहे.

जॉन लँगच्या लेखातही मुलगाच पडदा सरकवतो, हे जाता जाता सांगायला हवे. १८५४ मध्ये हा वकील बाईंना भेटायला आला, बाई पडद्याआड, पोराने पडदा बाजूला केला आणि लँगला क्षणभर त्या दिसल्या. लँगने मग त्यांच्या रूपाचे, आवाजाचे वर्णन केले आणि ते आजतागायत उद्धृत होते. पडदा ओढणारा पाच-सहा वर्षांचा पोरगा मात्र उद्धृत करणाऱ्यांच्या हातून गळतो. कंटाळला असेल.

एक आई या सगळ्यांतच मागे राहते, ती म्हणजे आनंदरावाची जन्मदाती. दत्तकविधानाच्या वर्णनात राजे अंथरुणावर आहेत, वासुदेवराव आहेत, साक्षीला मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन आहेत. पाच वर्षांचे मूल त्या दिवशी सकाळी कुणी आंघोळ घालून तयार केले, हे लिहिण्याची जागा त्या वर्णनात नव्हती. कादंबरीकाराला ती जागा मोकळी आहे. अजून कुणी मराठीत ती घेतली असेल तर मला वाचायला आवडेल.

'माझा प्रवास'च्या नव्या आवृत्त्या निघतात, त्यांना प्रस्तावना जोडल्या जातात, वैद्यांनी काय गाळले याच्या याद्या होतात. ते काम मोलाचे आहे. मला हवी आहे ती अशी एक आवृत्ती, जिच्यात गोडशांच्या झाशी प्रकरणानंतर पारसनीसांकडचा मुंजीचा कागद, मार्टिनचे पत्र आणि केळकरांनी छापलेले दामोदररावांचे निवेदन सलग दिलेले असेल, मोठ्या टायपात. मोठ्या टायपाचे कारण घरगुती आहे. आईला आता वाचून दाखवावे लागते, आणि बुंदेली शाळेत शिकलेला माझा मुलगा ते काम करतो. 'न्याहारी' या शब्दाशी तो अडला तेव्हा तिने त्याला सांगितले, कलेवा रे, कलेवा, आणि पुढे वाच म्हणाली.